लाल सालीचा टाका

युकी टोपली मी पहिल्यांदा पाहिली ती काचेआड. परातीएवढ्या तोंडाची, वर उमलत गेलेली, ज्वारीच्या पिठासारख्या फिकट रंगाची. अंगावर विटकरी रंगाचे पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे. दिवा वरून सोडलेला होता, त्यामुळे आतली बाजू उजळली होती आणि बूड अंधारात होतं. शेजारच्या पाटीवर जमातीचं नाव, ठिकाणाचं नाव, झाडाचं नाव आणि शेवटी ‘करणारी : अज्ञात’. त्या एका शब्दापाशी मी बराच वेळ उभी राहिले. त्या बाईला तिच्या वस्तीत सगळे ओळखत असणार. तिचा टाका तिच्या बहिणींना, भाच्यांना लांबून ओळखू येत असणार, जसा आजीच्या गोधडीतला धावदोरा आपल्याला ओळखू येतो. नाव विचारायचं राहिलं ते विकत घेणाऱ्याकडून.

पुढची पानं अशाच टोपल्यांविषयी आहेत. पण टोपलीकडे जायच्या आधी वाचकानं थोडं रानात जावं आणि थोडं इतिहासातही, असं मला वाटतं. प्रस्तावना लांबली आहे ती त्यासाठी.

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, मेंडोसिनो काउंटीत, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेली एक सपाट दरी आहे. नकाशावर तिचं नाव राउंड व्हॅली. ईल नदीच्या मधल्या फाट्याचा हा मुलूख. इथले लोक स्वतःला उकोमनोम म्हणत. ‘उकोम’ म्हणजे दरी आणि ‘नोम’ म्हणजे तिथले लोक. आपल्या मावळच्या माणसाला मावळा म्हणावं तसं. ‘युकी’ हे नाव त्यांना बाहेरून चिकटलं. पूर्वेकडच्या विंटू लोकांच्या भाषेतला हा शब्द, अर्थ शत्रू किंवा परका. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तो ऐकला आणि कागदावर चढवला. कागदावर चढलेलं नाव उतरत नाही. आज त्यांचे वंशजही हेच नाव लावतात, म्हणून आपणही तेच वापरू.

त्यांची भाषा आजूबाजूच्या भाषांपेक्षा अगदी वेगळी. दक्षिणेकडच्या वाप्पो भाषेशी तिचं लांबचं नातं सांगतात, तेवढंच. या भाषेतली एक गोष्ट मात्र जगभरच्या गणितज्ञांना ठाऊक आहे : युकी लोक आठाच्या पटीत मोजत. आपण बोटांची पेरं मोजतो. ते बोटांमधल्या फटी मोजत. एका हाताला चार फटी, दोन हातांना आठ. फटीत काडी धरायची आणि पुढे जायचं. रोलंड डिक्सन आणि आल्फ्रेड क्रोबर या अभ्यासकांनी १९०७ साली कॅलिफोर्नियातल्या भाषांच्या संख्यापद्धतींवर लिहिलं, त्यात ही पद्धत नोंदलेली आहे. मला यातलं गणित तर आवडतंच, पण त्याहून आवडतो तो हात : बोटांच्या मधे काड्या धरायची सवय असलेला हात. टोपलीचं कामही काड्या धरण्याचंच.

टोपली विणतात असं आपण सहज म्हणतो. बुरूड बांबूच्या कामट्या उभ्या मांडतो आणि पातळ पट्ट्या त्यांतून आडव्या फिरवतो, एक वरून, एक खालून. ती वीण. युकी बायकांची ही टोपली विणलेली नसते, शिवलेली असते. आत गाभा असतो : काड्या आणि लाकडाच्या बारीक चिरफाळ्या मिळून केलेला जुडगा. तो गोल गोल फिरवत न्यायचा आणि प्रत्येक नवा वेढा खालच्या वेढ्याला टाक्यांनी जोडत जायचा. सुरुवातीला डोक्यावरच्या चुंबळीची इवलीशी प्रतिकृती दिसते, अंगठ्याच्या नखाएवढी. तेच बूड. दोऱ्याच्या जागी झाडाची चिरलेली पट्टी, सुईच्या जागी आरी. आरी हरणाच्या पायाच्या हाडाची, दगडावर घासून टोकदार केलेली. पुढे पोलादाचीही आली. सुईला नेढं असतं, आरीला नसतं. म्हणजे आरी फक्त वाट करून देते. ती बाहेर काढली की भोक मिटायच्या आत ओल्या पट्टीचं टोक त्यात सरकवायचं, पलीकडून धरायचं, ओढून बसवायचं. पुन्हा आरी.

हिशोब करून पाहावा. तोंडाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर घेर ९४ सेंटिमीटरच्या आसपास येतो. सेंटिमीटरला पाच टाके धरले तरी शेवटच्या एका वेढ्यात ४७० टाके. त्यातला प्रत्येक टाका म्हणजे आरी आत, आरी बाहेर, पट्टी आत, ओढ. आणि हा फक्त एक वेढा.

आकार कागदावर काढलेला नसतो. नवा वेढा खालच्या वेढ्याच्या बाहेरच्या अंगाला बसवला तर टोपली पसरते, डोक्यावर बसवला तर भिंत उभी राहते. नक्षीही अशीच चालता चालता ठरते. पायऱ्यांचा पट्टा वर चढवायचा तर कुठल्या टाक्याला पांढरी पट्टी सोडून लाल घ्यायची, परत पांढरी कधी, हे दर वेढ्याला मनात धरावं लागतं. शिवाय वेढा कधी बंद होत नाही. तो गोगलगाईच्या शंखासारखा वर चढत राहतो. त्यामुळे टोपलीभोवती फिरून आलेला आडवा पट्टा निघाला तिथे परत पोचत नाही, एक वेढा वर पोचतो. तिथे एक छोटा सांधा पडतो, चढता. यंत्रानं छापलेल्या नक्षीत असा सांधा नसतो. तो दिसला की बाई कुठून निघाली आणि कुठे परत आली ते कळतं. टोपली हातात घेणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं : आधी सांधा शोधा.

उत्तरेच्या वाटेवर युकी मुलूख एका अर्थानं सीमेवरचा आहे. इथून वायव्येला युरोक, कारुक, हुपा यांच्याकडे गेलं की ही वेटोळ्यांची शिवण दिसेनाशी होते. तिकडे सगळं काम पट्ट्यांना पीळ देत विणण्याचं. दक्षिणेला पोमो लोक दोन्ही रीतींनी करतात, आणि त्यांच्या टोपल्या जगात गाजल्या. पोमोंचा गाभा बहुधा विलोच्या काड्यांचा, विलो म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाच्या कुळातलं झाड. टाका लव्हाळ्याच्या जातीच्या गवताच्या मुळाचा. काही टोपल्या पक्ष्यांच्या पिसांनी अंगभर मढवलेल्या. संग्रहालयांत गर्दी असते ती त्यांच्याभोवती. युकी टोपली त्यांच्याशेजारी साधी दिसते, आणि म्हणूनच मला ती जास्त बोलकी वाटते. तिच्यात जवळजवळ सगळं काम एकाच झाडाकडून करून घेतलेलं असतं. लाल टाका त्याच झाडाचा, पांढरा टाकाही त्याच झाडाचा.

ते झाड म्हणजे रेडबड. वनस्पतिशास्त्रात सर्सिस ऑक्सिडेंटॅलिस. नाव परकं वाटलं तरी झाड आपल्या नात्यातलं आहे : दसऱ्याला ज्याची पानं आपण सोनं म्हणून लुटतो त्या आपट्याच्या आणि अंगणातल्या कांचनाच्या उपकुळातच रेडबडही मोडतं. पान हृदयाच्या आकाराचं, टोकाशी आपट्यासारखं दुभंगलेलं नाही एवढाच फरक. वसंताच्या तोंडाशी पानं यायच्या आधी उघड्या फांद्यांवर जांभळट गुलाबी फुलांचे घोस फुटतात आणि डोंगरउतार रंगतात. आपट्याच्या सालीचे दोर आपल्या आदिवासी भागात वळत आले आहेत. तिकडे त्याच्या भावकीतल्या झाडाचा टाका झाला.

पण रानात उभं असलेलं कुठलंही रेडबड टाक्याला चालत नाही. जुन्या झाडाच्या फांद्या वाकड्या, गाठाळ, जागोजागी फुटवे असलेल्या. पट्टी चिरायला लागतो तो सरळ, लांब, फुटवा नसलेला कोंभ. असा कोंभ बुंध्यापासून फुटतो, आणि तोही झाड छाटलं किंवा जाळलं तरच. म्हणून टोपली करणाऱ्यांच्या हाती आग असे. ठरावीक काळानं, ठरावीक जागी, हवा बघून लावलेली धीमी आग. खालचा पाचोळा जळून जाई, झुडपं साफ होत, जुना बुंधा नव्यानं फुटे, आणि पुढच्या हंगामात छडीसारखे सरळ कोंभ हाती येत. बाहेरून आलेल्या माणसाला ते जंगल वाटलं. प्रत्यक्षात ते पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं रान होतं. एम. कॅट अँडरसन यांचं ‘टेंडिंग द वाइल्ड’ हे २००५ सालचं पुस्तक कॅलिफोर्नियाभरच्या या राखणीचाच पुरावा मांडतं.

कोंभ तोडायचाही काळ ठरलेला. पानगळीनंतर, झाड झोपेत असताना तोडला तर साल लाकडाला घट्ट धरून राहते. ती लाल पट्टी. वसंतात रस चढला की साल सहज सुटते, आतलं पांढरं लाकूड मोकळं होतं. ती पांढरी पट्टी. म्हणजे टोपलीवरचे दोन रंग हे खरं तर वर्षातले दोन हंगाम.

मग चिरणं. हे मात्र जवळून पाहण्यासारखं आहे. कोंभाच्या टोकाला सुरीनं तीन भेगा पाडतात. एक भाग दातांत, एक डाव्या हातात, एक उजव्या हातात. दात घट्ट रोवून दोन्ही हात सावकाश बाहेर न्यायचे. कोंभ करकर आवाज करत खाली खाली उलगडत जातो. तिन्ही भाग सारखे निघायला हवेत. एक भाग बारीक होऊ लागला तर हाताला आधी कळतं, डोळ्याला नंतर. लगेच जाड भागाची ओढ वाढवायची, भेग परत मधे येते. अर्धा क्षण उशीर झाला तर पट्टी मधेच तुटते आणि कोंभ वाया. नंतर आतला भुसभुशीत गाभा काढून टाकायचा, पट्टी तासून एकसारखी करायची. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडून त्यातून पट्टी ओढण्याची युक्ती कॅलिफोर्नियातल्या बायकांनी गेल्या शतकात काढली. जाडी एकसारखी होते. मग गुंडाळ्या बांधून सुकायला ठेवायच्या आणि काम काढायच्या वेळी पुन्हा भिजवायच्या. पहिला टाका पडायच्या आधीच वर्ष सरलेलं असतं. आणि या सगळ्यात तोंड हा तिसरा हात आहे, हे ध्यानात ठेवावं. पुढे त्याचं काम पडणार आहे.

एवढं करून ती टोपली ठेवायची कुठे, तर चुलीच्या शेजारी. युकी लोक मातीची भांडी घडवत नसत. अन्न शिजायचं ते टोपलीत. ओकची फळं वाळवून, सोलून, कुटून पीठ करायचं. त्याचा कडूपणा पाणी सोडून सोडून घालवायचा. मग पीठ आणि पाणी टोपलीत. विस्तवात तापवलेले गोटे काठ्यांनी उचलायचे, पाण्यात बुचकळून राख धुवायची आणि टोपलीत सोडायचे. गोटा एका जागी राहिला तर बूड जळेल, म्हणून सारखं ढवळत राहायचं. काही वेळात रटरट आवाज येतो आणि आपल्या घाट्यासारखी दाट पेज तयार होते. पाण्यानं पट्ट्या फुगतात, टाके एकमेकांना आणखी चिकटतात, टोपली गळत नाही. काचेआडच्या टोपल्यांत काही ठिकाणी आतल्या बाजूला काळपट डाग दिसतात. मला ते डाग नक्षीइतकेच महत्त्वाचे वाटतात.

आता इतिहासाकडे वळायला हवं. हा भाग लिहिताना हात जड होतो.

१८५० साली, कॅलिफोर्निया अमेरिकेचं राज्य होत असतानाच, तिथल्या विधिमंडळानं ‘इंडियन लोकांचं प्रशासन आणि संरक्षण’ अशा नावाचा कायदा केला. संरक्षण फक्त नावात होतं. या कायद्यानं मूळ रहिवाशांची मुलं वसाहतवाल्यांच्या घरी कामाला बांधून घेण्याची वाट उघडली. त्याच कायद्यात माळरानाला आग लावण्याबद्दल शिक्षाही होती. कायद्याचा इतिहास लिहिणारे पहिल्या कलमाकडे बघतात, आणि ते बरोबरच आहे. टोपलीच्या बाजूनं पाहणाऱ्याला मात्र दोन्ही कलमं एकत्र दिसतात. एकानं शिकणारी मुलगी नेली, दुसऱ्यानं कोंभ.

१८५४ साली गोरे लोक राउंड व्हॅलीत उतरले. गवताळ, पाणथळ दरी. गुरांना याहून चांगली जागा कुठली? १८५६ मध्ये सरकारनं तिथे ‘नोम कल्ट फार्म’ काढलं, त्याचंच पुढे राखीव क्षेत्र झालं. शिकारीचं रान आणि ओकची फळं गुरांनी आणि डुकरांनी खाल्ली. उपाशी माणसांनी गुरं मारली. त्याचा सूड म्हणून वस्त्याच्या वस्त्या मारल्या गेल्या. कॅलिफोर्नियाचे पहिले सरन्यायाधीश सेरेनस हेस्टिंग्ज यांचं शेजारच्या ईडन व्हॅलीत पशुपालन होतं. त्यांच्यासारख्यांच्या आग्रहानं १८५९ साली वॉल्टर जार्बो याच्या हाताखाली ‘ईल रिव्हर रेंजर्स’ ही सशस्त्र टोळी उभी राहिली. काही महिन्यांत २८३ जणांना मारल्याचा हिशोब जार्बोनंच सरकारला दिला, आणि राज्यानं या मोहिमेचा खर्च भरला. हेस्टिंग्ज यांनी १८७८ साली एक लाख डॉलर देऊन सॅन फ्रान्सिस्कोत कायद्याचं महाविद्यालय काढलं. त्या महाविद्यालयावरचं त्यांचं नाव उतरायला २०२३ साल उजाडलं.

बेंजामिन मॅडली या इतिहासकारानं युकींच्या या दहा वर्षांचा तपशील गोळा केला आहे. त्यांच्या मांडणीनुसार १८५४ साली युकी लोक किमान पाच हजार होते. १८६४ साली उरले सुमारे तीनशे : ८५ पुरुष आणि २१५ स्त्रिया.

या दोन आकड्यांवरून मी पुढे सरकू शकत नाही. वेटोळ्यांच्या टोपल्यांचं काम बायकांचं. म्हणजे आज ज्याला आपण युकी टाका म्हणतो, तो जो काही पुढे आला तो या २१५ जणींच्या हातांतून आला. त्यात म्हाताऱ्या होत्या, लहान मुली होत्या, पळवून नेलेल्या आणि परत आलेल्या होत्या. ज्यांची माणसं गेली, घरं जळली, ज्यांना रेडबडच्या राईपर्यंत जायची मोकळीक नव्हती, त्यांच्यापैकी काही जणींनी पुन्हा कोंभ दातांत धरला. काचेआडच्या बहुतेक टोपल्या त्यानंतरच्या आहेत. ‘करणारी : अज्ञात’ या पाटीवरचा माझा राग या आकड्यापाशी येऊन ठेपतो.

राखीव क्षेत्रात मग इतरही जमाती आणून कोंबल्या गेल्या. १८६३ साली कोंकाऊ लोकांना चिकोहून डोंगर ओलांडून पायी हाकलत आणलं. निघाले ४६१, दरीत पोचले २७७. आजही त्यांचे वंशज दरवर्षी ती वाट चालतात. पोमो, नोमलाकी, काहतो, वैलाकी, पिट रिव्हर असे सगळे एकाच दरीत, कधीकाळचे वैरीही शेजारी. बायका एकमेकींचं काम बघत होत्या. त्यामुळे ‘राउंड व्हॅली’ एवढीच चिठ्ठी लागलेली टोपली कुणाची, यावर अभ्यासक घोळ घालत बसतात : गाभ्यात काय आहे, टाका कुठल्या बाजूनं पुढे जातो, पट्टीची टोकं कशी खोचली आहेत. मी या ओळखीच्या खुणांना कमी लेखत नाही. पण एका बाईनं शेजारणीकडून सांधा शिकून घेतला असेल तर तोही तिचाच सांधा, हे विसरू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत इंडियन टोपल्या जमवण्याचं वेड आलं. व्यापारी दारोदार फिरले, शिधा आणि कापडाच्या बदल्यात टोपल्या गेल्या. व्ही. के. चेस्नट या वनस्पतिशास्त्रज्ञानं मेंडोसिनो काउंटीतल्या लोकांच्या उपयोगातल्या वनस्पतींची यादी १९०२ साली छापली; क्रोबर यांचा कॅलिफोर्नियाच्या जमातींवरचा जाडजूड ग्रंथ १९२५ साली आला, युकी त्यात ठळकपणे आहेत. या मंडळींमुळे पुष्कळ वाचलं, हे मान्यच करायला हवं. त्याच काळात मुलं मात्र सरकारी शाळांत आपली भाषा बोलल्याबद्दल मार खात होती.

१९६० च्या दशकात ईल नदीवर डोस रिओस इथे धरण बांधायची योजना आली. धरण झालं असतं तर अख्खी राउंड व्हॅली पाण्याखाली गेली असती. धरणग्रस्त म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. दरीतले लोक आणि त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले शेजारी झगडले, आणि १९६९ साली गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी योजनेला नकार दिला. दरी वाचली. भाषा वाचली नाही. युकी अस्खलित बोलणारं शेवटचं माणूस १९८३ साली गेलं. उल्डिस बालोडिस यांनी जुन्या नोंदी आणि ध्वनिफिती धुंडाळून युकीचं व्याकरण लिहिलं, ते २०१६ साली छापून आलं.

टाक्याला मात्र बोलता येणाऱ्या माणसाची गरज कमी लागते. शेजारी बसून बघावं लागतं. त्याला गरज असते ती झाडाची आणि रानात जायच्या मुभेची. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या अनेक जमातींच्या टोपलीकारांनी एकत्र येऊन आपली संघटना उभी केली, तेव्हा त्यांच्या तक्रारींत वरच्या क्रमांकावर होतं ते जंगलात फवारलं जाणारं तणनाशक. कारण उघड आहे. कोंभ दातांत धरायचा असतो. फवारलेल्या झाडाचा कोंभ चिरणारी बाई ते विष चघळत असते. संग्रहालयातल्या टोपल्यांचीही हीच गत : किडीपासून वाचवायला एके काळी त्यांच्यावर आर्सेनिकसारखी विषं मारत, त्यामुळे कित्येक जुन्या टोपल्या आज वंशजांना परत मिळाल्या तरी हातमोजे घालूनच हाताळाव्या लागतात. आजीची टोपली, पण तिला गाल लावता येत नाही.

आगीचा प्रश्न त्याहून मोठा. शंभर वर्षं जंगल खात्यानं प्रत्येक आग विझवली. पाचोळा साचत गेला. २०२० च्या ऑगस्टमध्ये विजा पडून याच डोंगरांत आगी लागल्या, एकमेकींना मिळाल्या आणि दहा लाख एकरांवर पसरल्या. कॅलिफोर्नियाच्या नोंदलेल्या इतिहासातली ती सर्वांत मोठी आग. त्यानंतर राज्याचा सूर बदलला. जाणत्या माणसांनी परंपरेनं लावलेल्या आगीला कायद्याचं थोडं संरक्षण मिळू लागलं, २०२१ नंतर. १८५० साली जिच्याबद्दल शिक्षा होती तीच आग.

आता पुढची पानं वाचकाच्या हाती देते. छायाचित्रांचा क्रम मुद्दाम उलटा लावला आहे. संग्रहालयात टोपली वरून दिसते. इथे पहिलं चित्र बुडाचं आहे, कारण बाईनं सुरुवात तिथून केली. मधोमध ते नखाएवढं वेटोळं दिसेल. त्यावर बोट ठेवावं आणि वेढ्याबरोबर बाहेर बाहेर जावं. सातव्या-आठव्या वेढ्याला पहिला लाल टाका येतो.